अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांत डायव्हर्सिटीचं काम खरंच बंद झालंय का?

मुलीला तिकडच्या अशा एका कॉलेजची (एकाच विषयाऐवजी सगळ्या शाखांचं पदवी शिक्षण देणारं) ऑफर आलीये आणि त्यांच्या साइटवरून डायव्हर्सिटी ऑफिसचं (वेगवेगळ्या वंशांच्या, वेगवेगळ्या घरांतल्या मुलांना सामावून घ्यायचं काम बघणारं) पानच गायब झालंय, म्हणून तुम्ही विचारताय. मी ओहायोत अशाच एका कॉलेजात सहा वर्षं ॲडव्हायझिंगमध्ये, म्हणजे मुलांना अभ्यासाबद्दल सल्ला द्यायच्या कामात होते (नाव नाही सांगत), तर माझं मत असं की नुसत्या पाटीवरून काहीच कळत नाही.

आमच्याकडे हे सगळं काम म्हणजे एक बाई. खरंच, एकच. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मेस बंद, घरी जायला पैसे नाहीत, की तिला मेल; प्रोफेसर वर्गात काहीतरी लागेल असं बोलले, की तिलाच मेल. ती नोकरी सोडून गेली आणि मग कळलं की सगळं तिच्या इनबॉक्समध्ये होतं, पुढचं वर्षभर कुणालाच काही माहीत नाही. उलट फायनान्शियल एडवाल्यांनी (मुलांना पैशांची मदत देणारं ऑफिस) पुस्तकांचे पैसे मदतीच्या पॅकेजमध्येच धरायला सुरुवात केली होती ते माणसं बदलली तरी चालू राहिलं, कारण ते कुणाच्या चांगुलपणावर नव्हतं, फॉर्मातच होतं.

बाहेरून दणका बसतोच, ते नाकारत नाही. जून 2023 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ॲडमिशनमध्ये वंश बघायला बंदी केली आणि 2024 ला ॲमहर्स्ट या अशाच एका छोट्या कॉलेजच्या पहिल्या वर्षात ब्लॅक मुलं 11 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आली. आणि हे ते कॉलेज, ज्याने माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देणं 2021 मध्येच बंद करायचं ठरवलं होतं! 2025 पासून तर सरकारचाच दबाव, म्हणून पाट्या उतरल्या.

पण केंटकीतलं बेरिया कॉलेज बघा. 1855 पासूनचं, ब्लॅक-गोरे एकत्र शिकायचे, 1904 मध्ये राज्याने कायदाच केला की एकत्र शिकवायचं नाही, कॉलेज सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, 1908 ला हरलं. 1950 मध्ये कायदा सैल झाला आणि यांनी ब्लॅक मुलांना परत घ्यायला सुरुवात केली. शेहेचाळीस वर्षं! मधल्या काळात गरीब मुलांकडून ट्यूशन फी न घेण्याची 1892 पासूनची पद्धत मात्र मोडली नाही, आजही नाही.

अजून एक, कोल्बी कॉलेजने 2021 मध्ये भेदभावविरोधी नियमात जात हा शब्द घातलाय. आमच्या मराठी मंडळात यावर बरीच चुळबुळ झाली होती, ते असो.

तुम्ही ॲडमिशनवाल्यांना सरळ विचारा, हिवाळ्याच्या सुट्टीत हॉस्टेल आणि मेस चालू असते का, तिथे राहायचे वेगळे पैसे पडतात का, अडचण आली तर मुलीने कुणाकडे जायचं आणि तो माणूस रजेवर असेल तर कुणाकडे. आणि एड चारही वर्षं मिळणार का, फी वाढली की तीही वाढणार का हे लेखी घ्या, फी जवळपास दरवर्षी वाढते.