भरल्या बरण्यांचा भार

प्रश्न : दर पावसाळ्यात मी जांभळाचा शिरका (व्हिनेगर) घालते. घरी पुरून उरतो तो बचत गटातल्या बायका नेतात. यंदा जांभूळ भरपूर मिळालं, म्हणून वीस-वीस लिटरच्या काचेच्या तीन बरण्या भरल्या आणि ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवल्या. फळी साडेतीन फुटांची, सनमायका लावलेल्या पार्टिकल बोर्डची आहे. चार इंची भिंतीला दोन ब्रॅकेट आहेत. आता ती मधोमध बोटभर खाली आली आहे. सासूबाई रोज म्हणतात, "फळी वाकी गयी, बरनी पडी जाई." आमच्या ह्यांचं म्हणणं, मधे तिसरा ब्रॅकेट ठोकला की झालं. काय करू?
— एक भगिनी, अमळनेर

उत्तर : ताई, सासूबाईंचं खरं आहे. ब्रॅकेटचं नंतर बघू, आधी त्या बरण्या खाली घ्या. खाली गॅस पेटतो, तुम्ही रोज तिथे उभ्या राहता, आणि डोक्याच्या वर साठ लिटर रस काचेत भरून ठेवलेला आहे.

फळीवरून भरलेली बरणी उचलायची मात्र नाही. फूड ग्रेड प्लास्टिकचा झाकणाचा कॅन जमिनीवर ठेवा आणि नळीने बरणीतला निम्म्याहून जास्त रस त्यात उतरवून घ्या. नळी आधी उकळून गार केलेल्या पाण्याने भरून घेतली की तोंडाने ओढावं लागत नाही. सुरुवात मधल्या बरणीपासून करा, कारण फळीला सगळ्यात जास्त तीच वाकवते. तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिरका घटकाभरही ओतू नका, आंबट रस त्या धातूंना खातो आणि ते खाल्लेलं शिरक्यात उतरतं. मग हलक्या झालेल्या बरण्या दोघांनी मिळून काढा. हात कोरडे हवेत, एक हात बुडाखाली हवा. गळ्याला धरून उचलू नका. गळ्याभोवतीची कडी किंवा मूठ बरणी सावरण्यापुरती असते, भरल्या बरणीचं वजन तिच्यावर टाकायचं नसतं. पायात बंद चप्पल-बूट असू द्या आणि तेवढा वेळ मुलांना अंगणात पाठवा.

आता वजनाचा हिशेब. पाणी लिटरला किलोभर भरतं, साखर असलेला रस त्याहून थोडा जड. म्हणजे वीस लिटरचे एकवीस किलो धरा. अशी जाड काचेची रिकामी बरणी सहा-सात किलोंची असते. एकूण सत्तावीस-अठ्ठावीस किलो. घरगुती गॅसचं भरलेलं सिलिंडर याच वजनाच्या आसपास जातं, १४.२ किलो गॅस आणि वर टाकीचे पंधरा-सोळा किलो. म्हणजे तुमच्या फळीवर जवळजवळ तीन भरलेली सिलिंडरं उभी आहेत. सिलिंडर फळीवर ठेवायचं कुणाच्या मनातही येत नाही. बरणीतला रस दिसायला सुंदर, म्हणून तिचं वजन डोळ्यांना कळत नाही.

तिसऱ्या ब्रॅकेटबद्दल. तुमच्या ह्यांचा विचार अर्धा बरोबर आहे. तेवढंच वजन मधोमध असेल आणि आधारांमधलं अंतर निम्मं केलं, तर झोल आठव्या हिश्शावर येतो. फळीची जाडी दुप्पट केली तरी तेवढाच फरक पडतो. वाकण्यावर हा उपाय आहे. पण तुमच्या फळीला दुसरा धोका आहे तो उखडण्याचा. बरणीचं वजन भिंतीपासून सात-आठ इंच पुढे असतं, त्यामुळे ब्रॅकेटचं खालचं टोक भिंतीत रुततं आणि वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. चार इंची भिंतीत, त्यातही निम्मा स्क्रू प्लास्टरमध्ये असेल तर तो किती दिवस धरेल याची खात्री मी देणार नाही. ब्रॅकेट वाढवले की ओढ थोडी वाटली जाते, पण प्रत्येकाचा वरचा स्क्रू तसाच बाहेर ओढला जातो.

आणि तो बोर्ड. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेला पत्रा. चार दिवस वजन ठेवलं तर तो काही म्हणत नाही. महिनोन्‌महिने तेच वजन राहिलं की तो हळूहळू बसत जातो, वजन काढलं तरी पूर्ण सरळ होत नाही. शिरका तर महिनोन्‌महिने हलवायचा नसतो. कडेची पट्टी सुटून त्यात पाणी शिरलं की बोर्ड फुगतो, मग त्यात स्क्रूही राहत नाही. मसाल्याच्या डब्यांना ही फळी चांगली आहे, ती त्यांनाच द्या.

बरण्यांसाठी जमिनीवर उभं राहणारं बाक करून घ्या. बांधकामावर देखरेख करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यात एक गोष्ट अंगात मुरली : कायमचं वजन सरळ खाली, जमिनीत उतरलं पाहिजे. मधे भिंतीची किंवा स्क्रूची मेहरबानी नको. फॅब्रिकेशनवाल्याला सांगा, ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरच्या लोखंडी अँगलची (एल आकाराच्या पट्टीची) चौकट, उंची दीड फूट. चार कोपऱ्यांना चार पाय आणि लांबीच्या मधोमध आणखी दोन. मागच्या बाजूला आणि दोन्ही टोकांना तिरक्या पट्ट्या अवश्य मारायला लावा. कारागीर म्हणेल, गरज नाही. गरज आहे. सरळ पाय वजन पेलतात, पण बाजूने धक्का लागला की चौकटीला तिरकं होण्यापासून ही तिरकी पट्टीच अडवते. लोखंडाला ऑइल पेंटचे दोन हात द्या, शिरक्याच्या वाफेने उघडं लोखंड लवकर गंजतं.

वर १९ मिलिमीटरचा, पाण्याला टिकणारा प्लाय टाका, बीडब्ल्यूआर किंवा मरीन. मरीनवर आयएस ७१० हा शिक्का असतो, तो बघूनच घ्या. आपल्याकडे अशा वेळी पहिला हात शहाबादी किंवा कडाप्प्याकडे जातो. इथे तो नको. हे दोन्ही दगड चुनखडीच्या जातीचे आहेत, शिरका सांडला की त्यांचा पृष्ठभाग खाल्ला जातो. लिंबाच्या रसाने ओट्यावर पडलेले डाग तुम्ही पाहिलेच असतील. ग्रॅनाइट चालतो, पण दगडाला दर दीड-दोन फुटांवर खालून आधार द्यावा लागतो, कारण दगड वाकत नाही, न सांगता तुटतो. लाकूड आधी वाकून दाखवतं, जसं तुमच्या फळीने दाखवलं. माणसं वावरतात त्या घरात मला सांगणारा पदार्थ जवळचा वाटतो.

पुढच्या कडेला दोन इंचांची पट्टी उभी मारा, बरणी सरकली तरी अडेल. प्रत्येक बरणीखाली रबरी चटईचा तुकडा घाला आणि त्याआधी ती जागा हाताने चाचपून घ्या. काचेच्या बुडाखाली वाळूचा एक खडा राहिला तरी सगळा भार त्या एका बिंदूवर येतो. बरण्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवा.

शेवटचं, पण तुमच्या भागासाठी महत्त्वाचं. अमळनेरकडे काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून आखडते आणि वर घातलेली फरशी तिच्याबरोबर वर-खाली होते. बाक ठेवल्यावर दोन्ही दिशांनी पाणसळ (पातळी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) लावून बघा. पाय अधांतरी असेल तर खाली लोखंडी पट्टी किंवा सागाची चपटी पाचर द्या. पुठ्ठ्याची घडी नको, ती ओलाव्याने दबते. पावसाळा संपताना आणि वैशाखात पुन्हा एकदा पाणसळ लावा.

प्रश्न : आमची केळीची बाग आहे. केळीची वाइन करण्याचा छोटा उद्योग सुरू करावा असा विचार आहे. घराचा वरचा मजला रिकामा आहे, तिथे दोनशे लिटरचे ड्रम ठेवले तर स्लॅब पेलेल का? घरी थोडी करून बघावी म्हणतो.
— एक शेतकरी, रावेर

उत्तर : भाऊ, आधी परवाना. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, करून बघण्यापुरतंसुद्धा नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन नीट विचारा आणि मगच पैसे घाला.

जागेचं म्हणाल तर वरचा मजला विसरा. राहत्या घराचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरून काढतात. भरलेला ड्रम २१० किलोंचा, आणि तो उभा राहतो दोन फुटांहून कमी व्यासाच्या वर्तुळावर. म्हणजे बुडाखाली चौरस मीटरला ८०० किलोंच्या घरात दाब. एका ड्रमने स्लॅब कोसळेल असं मी म्हणत नाही, भार आजूबाजूला थोडा पसरतो. पण तुम्ही दहा ठेवाल, तेही भिंतीला लागून ओळीने. जुन्या घरात सळई किती, कुठे, हे कुणाला ठाऊक? परवाना मिळाला तर तळमजला घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घ्या.

मात्र तळमजला म्हणजे तळघर नव्हे आणि धान्याचं जुनं पेवही नव्हे. आंबताना साखरेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक किलो साखर पूर्ण आंबली तर अडीचशे लिटरहून अधिक. हा वायू हवेपेक्षा जड, वास नसलेला. बंद खोलगट जागेत तो तळाशी साठतो आणि आत उतरलेला माणूस गुदमरतो. पेवात उतरताना आपली जुनी माणसं जी काळजी घेत, तीच इथे हवी. समोरासमोर खिडक्या असलेली, जमिनीलगत झरोके असलेली खोली निवडा. हा वायू कोंडला तर भांडंही फोडतो, म्हणून आंबणाऱ्या रसाला घट्ट झाकण कधीच नको, वायू बाहेर जाईल असा एअरलॉकच हवा.

प्रश्न : आजोबांचं धाब्याचं घर आहे, भिंती मातीच्या. शिरक्याच्या बरण्या तिथे ठेवू का? भिंतीत फळी बसेल?
— एक वाचक, शहादा

उत्तर : ठेवा, जरूर ठेवा. शिरक्याला २५ ते ३० अंशांची ऊब मानवते. आपला उन्हाळा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा सिमेंटच्या घरातली गच्चीखालची खोली तापून निघते, मातीची जाड भिंत ते तापमान आत येऊ देत नाही. फळी मात्र बसवू नका. मातीत खिळा धरत नाही आणि कडीपाटावर, म्हणजे छताच्या लाकडी कड्या-फळ्यांवर, आधीच मातीचं ओझं आहे, तिथून काही टांगूही नका. दीड फुटी बाक करा. जमीन शेणाने सारवलेली असेल तर प्रत्येक पायाखाली वीतभर रुंद फरशीचा तुकडा पुरा, नाहीतर पाय रुततील आणि बाक कलेल.

प्रश्न : गाळ सोडून वरचा शिरका नळीने काढायला बरणी उंचावर लागते. पावसाळ्यात कूलरचा स्टँड मोकळाच असतो. तो चालेल?
— एक भगिनी, भुसावळ

उत्तर : तासा-दोन तासांच्या कामासाठी चालेल. आधी रिकाम्या स्टँडला धरून हलवा, तिरक्या पट्ट्या नसतील आणि तो डुलत असेल तर घेऊ नका. वरच्या चौकटीवर बरणी अँगलच्या धारेवर बसते, म्हणून पूर्ण मापाचा प्लाय टाकून मगच बरणी ठेवा. उंच स्टँड नको. शिरका उतरायचं भांडं जमिनीवर असेल तर दीड-दोन फुटांची उंची नळी वाहायला पुरते. बरणी चढवताना गाळ ढवळला जातो, म्हणून ती आदल्या दिवशी दोघांनी चढवा, रात्रभर निवळू द्या आणि सकाळी काढा. त्या रात्री खोलीला कडी घाला. काढून झालं की रिकामी बरणी लगेच खाली घ्या आणि धुवायला गरम पाणी वापरू नका, गार काचेवर उकळतं पाणी पडलं की ती तडकते.