स्वतःची मराठी गाणी स्पॉटिफाय, जिओसावनवर टाकायला कुठला डिस्ट्रिब्युटर घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की घरीच रेकॉर्ड करता, वर्षाला दोन-तीन गाणी होतात, लेबल नाही, बजेट जेमतेम, आणि डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर, सीडी बेबी की एखादी फुकटवाली सर्व्हिस यात अडकलाय. स्पॉटिफाय भारतात आलं फेब्रुवारी २०१९ मध्ये, त्याच वर्षापासून मी माझी गाणी स्वतःच टाकतोय आणि आत्तापर्यंत तीन डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आपली गाणी या ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपन्या, बदललेत. त्यावरून सांगतो, की कुठलीही साइट उघडली की आधी एवढंच शोधायचं, ज्या वर्षी मी पैसे भरणार नाही त्या वर्षी माझ्या गाण्याचं काय होणार? कमिशन किती, किती ॲप्सवर जातं, पैसे कधी मिळतात हे सगळं त्याच्या नंतर.

हे मी एवढं ठासून का सांगतोय तर माझं एक हळदीचं गाणं होतं, आजीच्या तोंडच्या ओव्या, मागे फक्त पेटी आणि ढोलकी. वार्षिक सबस्क्रिप्शनवाल्या एका सर्व्हिसवरून टाकलेलं. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा ऑटो-डेबिटचा नवा नियम लागू झाला आणि कार्डावरून परदेशी कंपन्यांचे आपोआप कटणारे पैसे बऱ्याच जणांचे कटेनासे झाले, त्यात माझं नोव्हेंबरचं रिन्यूअल फेल गेलं. मेल आले होते, पण प्रमोशनच्या टॅबमध्ये पडून राहिले. मला कळलं थेट डिसेंबरात, सांगलीला मामेबहिणीच्या हळदीला. मांडवात स्पीकरला फोन जोडून बसलेला मावसभाऊ म्हणाला, "दादा, तुझं गाणं राखाडी दिसतंय रे, वाजतच नाहीये." मी स्वतः तीन-चार वेळा दाबून बघितलं. नवरी पाटावर बसलेली, बायका आंब्याची पानं हळदीत बुडवून थांबलेल्या, आणि गाणं नाही. शेवटी मामीनेच ओव्या म्हणायला सुरुवात केली.

पण खरं नुकसान पुढे झालं. दुसऱ्या दिवशी घाईघाईत मी तेच गाणं दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे चढवलं आणि आयएसआरसीचा रकाना रिकामा सोडला. आयएसआरसी म्हणजे रेकॉर्डिंगचा बारा अक्षरी ओळख नंबर, आधी देश आणि नोंदणी करणाऱ्याचा कोड, मग वर्षाचे दोन आकडे, मग पाच आकडी क्रमांक. रकाना रिकामा सोडला की डिस्ट्रिब्युटर नवीन नंबर देतो आणि स्पॉटिफायच्या दृष्टीने ते नवं कोरं गाणं होतं. माझे साडेअकरा हजार प्लेज गेले, लोकांनी आपापल्या प्लेलिस्टमध्ये ठेवलेलं तिथून गेलं, इन्स्टावर ज्यांनी त्यावर रील केलेल्या त्यांचा आवाज गेला. म्हणून प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी, अल्बम किंवा सिंगलचा यूपीसी (अख्ख्या रिलीजचा बारकोड नंबर) आणि मूळ वेव्ह फाइल एका जागी जपून ठेवा. डिस्ट्रिब्युटर बदलायचाच झाला तर तीच फाइल, तेच नाव, तेच स्पेलिंग, तोच आयएसआरसी देऊन आधी नव्याकडे चढवायचं, तिथून लाइव्ह झालेलं डोळ्यांनी बघायचं, आणि मगच जुन्याकडून काढायचं.

आता तुमच्यासाठी कुठला. डिस्ट्रोकिड आणि ट्यूनकोअरचे प्लॅन वार्षिक आहेत, कितीही गाणी टाका आणि स्ट्रीमिंगचे पैसे पूर्ण तुमचे, पण फी थांबली की गाणी उतरू शकतात. डिस्ट्रोकिडला लीव्ह अ लेगसी नावाचं एक्स्ट्रा आहे, प्रत्येक रिलीजमागे एकदा पैसे भरले की सबस्क्रिप्शन संपलं तरी ते गाणं राहतं. सीडी बेबी प्रत्येक रिलीजचे एकदाच पैसे घेते, पुढे दरवर्षी काही नाही, पण कमाईतले ९ टक्के कापते. राऊटनोट फुकट टाकू देते आणि १५ टक्के घेते, पण पन्नास डॉलर जमल्याशिवाय पैसे सोडत नाही, आणि आपल्यासारख्यांना पन्नास डॉलर जमायला लई वेळ लागतो. दर महिन्याला गाणं काढणारा असाल तर वार्षिक प्लॅन परवडतो. वर्षाला दोन-तीन गाणी असतील तर मी डोळे झाकून सीडी बेबीसारख्या एकदाच पैसे भरायच्या पद्धतीकडे जाईन. ९ टक्के ऐकायला जास्त वाटतात, पण हजार रुपये आले तर नव्वद जाणार, आणि एखादं वर्ष नोकरीत, आजारपणात गेलं तरी गाणं जागेवर राहणार. किमती बदलत राहतात, त्या त्या साइटवरच बघा. लग्नाची, देवाची गाणी करत असाल तर कॉलरट्यूनला देतात का तेही पैसे भरायच्या आधी विचारून घ्या, आपल्याकडे त्याला अजून मागणी आहे.

पैशांची अपेक्षा मात्र खरी ठेवा. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाल्याशिवाय त्या ट्रॅकचे पैसेच मिळत नाहीत. म्हणून कोणी पाचशे रुपयांत दहा हजार प्लेज देतो म्हणाला तर अजिबात जाऊ नका, खोट्या स्ट्रीमसाठी स्पॉटिफाय आता डिस्ट्रिब्युटरला दंड लावतं, तो तुमच्या अंगावर येऊ शकतो आणि गाणंही उतरू शकतं. अमेरिकन कंपनी असेल तर टॅक्सचा डब्ल्यू-८बेन फॉर्म पॅन नंबर टाकून भराच, तिकडच्या कमाईवर भारत-अमेरिका करारानुसार १५ टक्के टॅक्स कापतात, न भरल्यास ३०.

अपलोड करताना यूट्यूब कंटेंट आयडीची टिक दिसेल, ती केली की दुसऱ्यांच्या व्हिडिओत तुमचा आवाज सापडला तर यूट्यूब आपोआप तुमच्या नावाने क्लेम लावतं. तानपुरा, ताशाचे तयार लूप (आधीच रेकॉर्ड केलेले, परत परत वाजवायचे तुकडे) वापरले असतील तर ती टिक करू नका, कारण तोच लूप आणखी शंभर जणांच्या गाण्यात असतो आणि तुमच्या नावाने त्यांच्यावर क्लेम जातात. आर्टिस्टचं नाव टाकताना आधीचं प्रोफाइल असेल तर त्याची लिंक द्या, आपल्याकडे एकाच नावाचे पाच गायक असतात आणि गाणं भलत्याच्याच पानावर जाऊन बसतं. तारीख तीन-चार आठवडे पुढची धरा, प्लेलिस्टमध्ये घ्यावं म्हणून स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर निदान सात दिवस आधी पाठवावं लागतं.

शब्द आणि चाल तुमची असेल तर डिस्ट्रिब्युटर जे देतो ते फक्त रेकॉर्डिंगचे पैसे, हे लक्षात असू द्या. गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी वेगळी असते आणि ती आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडून येते, तिथे सभासद होऊन गाणी नोंदवावी लागतात, माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी हे केलेलंच नाही. आणि कुणी "आमच्या चॅनलवर टाकतो, व्हिडिओ पण करून देतो, फक्त या कागदावर सही करा" म्हणालं तर तो कागद घरी आणून सावकाश वाचा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच गेले असं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरते, म्हणूनच ते लोक "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण जगात" हे दोन शब्द आठवणीने घालतात. ते दोन शब्द दिसले तर सही करायच्या आधी खोडून मुदत लिहून मागा, आणि नाही म्हणाले तर गाणं घेऊन परत या.