बचत गटाची नवी सचिव झालीस ना, मग ऐक

अगं, घाबरू नकोस. फक्त रजिस्टर घरी नेऊन “रात्री निवांत लिहिते” असं कधी म्हणू नकोस. मी तेच केलं होतं. एकीचे शंभर रुपये लिहायचे राहिले, ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही! बैठकीतच लिही, मोठ्यानं वाच, मग सह्या घे. अंगठा उठवणाऱ्या आजीलाही आकडा सांग. तिचा तोंडी हिशेब आपल्यापेक्षा पक्का असतो.

नवी सचिव हमखास चुकते ती व्याजात. दरमहा २ टक्के म्हणजे ५,००० च्या कर्जाला १०० रुपये. मुद्दलातले १,००० परत आले की पुढच्या महिन्यात व्याज ८०, १०० नव्हे. व्याज उरलेल्या मुद्दलावरच.

बँक कर्ज देताना पंचसूत्री बघते: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज (गटातल्या पैशातून आपल्याच बायकांना दिलेलं), परतफेड, नोंदी. पहिले सहा महिने हे चोख ठेव, बाकी मी आहेच.

संक्रांतीचं वाण गटाच्या पैशातून नको हं. हळदीकुंकवाची वर्गणी वेगळी काढा, नाहीतर “माझ्या वाट्याला लहान वाटी आली” यावरून बैठक मोडते. आणि गटाच्या पैशांची पेटी एका बाईकडे, किल्ली दुसऱ्या बाईकडे.