तेल्या आहे की नुसताच डाग? प्रयोगशाळेत जिवाणू कसा पकडतात

गेल्या पंधरवड्यात आलेले बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरत आहेत. पिकावर जिवाणू आहे की नाही, हे खात्रीने कोण सांगणार आणि कसं? काही प्रश्न सारखेच होते, ते एकत्र करून उत्तरं देत आहे.

प्रश्न (सांगोला, डाळिंब, भगवा, मृग बहर): फळांवर काळे डाग आलेत. कृषी सेवा केंद्रात मोबाईलवरचा फोटो बघून तेल्या (जिवाणूचा रोग) सांगितला, शेजारचे बागायतदार स्कॅब (बुरशीचा रोग) म्हणतात. प्रयोगशाळेत विचारलं तर दहा-बारा दिवस लागतील म्हणाले. एका डागाला एवढे दिवस कशाला?

फोटोवरून औषध सांगणाऱ्याला दहा सेकंद पुरतात, कारण चुकलं तर बाग त्याची जात नाही. असो.

आधी बागेत जे डोळ्यांनी दिसतं ते नीट बघा. डाग पडलेलं पान उन्हाकडे धरा. तेल्याचा कोवळा डाग पाणी भरल्यासारखा अर्धपारदर्शक दिसतो, भोवती पिवळसर कडा असते. फळावर डाग जुना झाला की त्यातून एल किंवा वाय अक्षराच्या आकाराची भेग पडते. फांदीवर पेराजवळ काळपट पट्टा येतो आणि फांदी नेमकी तिथेच मोडते. स्कॅबचा डाग खरबरीत आणि उचललेला असतो, बोटाला लागतो. सरकोस्पोरा या बुरशीच्या डागाला अशी भेग पडत नाही. ही लक्षणं स्पष्ट असतील तर निम्मं काम तिथेच झालं. पण पावसाळ्यात एकाच फळावर जिवाणू आणि बुरशी दोन्ही असतात, फुलकिड्यांचं खरचटणंही असतं, आणि मग अनुभवी माणूसही अडखळतो. प्रयोगशाळेची गरज इथे लागते.

तिथलं पहिलं काम अर्ध्या तासात होतं. डागाच्या कडेचा, म्हणजे निरोगी आणि रोगट भागाच्या सीमेवरचा बारीक तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. रोग जिवाणूचा असेल तर कापलेल्या कडेतून जिवाणूंचा लोंढा पाण्यात उतरताना दिसतो. बुरशी असेल तर धागे आणि बीजाणू दिसतात. एवढ्यावर 'जिवाणूजन्य रोग आहे' हे सांगता येतं, आणि फवारणीचा निर्णय थांबवायला किंवा बदलायला तेवढं पुष्कळदा पुरेसं असतं. म्हणून नमुना देतानाच सांगून ठेवा की सूक्ष्मदर्शकाचा निकाल त्याच दिवशी फोनवर कळवा.

दिवस जातात ते पुढे. तुकडा सोडियम हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) सौम्य द्रावणात मिनिटभर बुडवून वरची घाण मारतात, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुतात, थोड्या पाण्यात चुरडतात आणि ते पाणी पेट्री प्लेटमधल्या अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर, तारेने रेघा ओढत पसरतात. (माध्यम घट्ट करायला अगार वापरायची युक्ती 1881 च्या सुमारास फॅनी हेस या बाईंनी सुचवली. त्यांचे पती वॉल्थर हेस हे जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्याकडे काम करत, आणि बाईंना अगार ठाऊक होतं ते स्वयंपाकघरातल्या जेलीमुळे. त्याआधी जिलेटिन वापरत, ते उन्हाळ्यात पातळ व्हायचं.) प्लेट 28 अंशांच्या आसपास ठेवतात. तेल्याचा जिवाणू, झँथोमोनास, सावकाश वाढणारा आहे. पानावरचे इतर जिवाणू दुसऱ्याच दिवशी प्लेट भरून टाकतात, याच्या वसाहती दिसायला तीनेक दिवस जातात. पिवळ्या, चकचकीत, फुगीर, ओलसर अशा त्या दिसतात.

पिवळं दिसलं की तेल्या, असं मात्र नाही. डाळिंबाच्या निरोगी पानावरही पिवळ्या वसाहती करणारे निरुपद्रवी जिवाणू राहतात. म्हणून एकच वसाहत उचलून ती नव्या प्लेटवर पुन्हा शुद्ध वाढवतात. यात आणखी तीन दिवस गेले.

मग ग्रॅम रंजन होतं. जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोल, शेवटी सॅफ्रानीन. जांभळा टिकला तर ग्रॅम-धन, धुतला जाऊन गुलाबी झाला तर ग्रॅम-ऋण. 1884 सालची ही पद्धत आजही तशीच चालते. तेल्याचा जिवाणू गुलाबी होतो. याच कामाची त्याहून सोपी चाचणी म्हणजे तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब. त्यात वसाहतीचा कण काडीने घोटायचा आणि काडी हळूच वर उचलायची. ग्रॅम-ऋण असेल तर पाकासारखी तार निघते. पाच पैशांच्या रसायनात काम होतं, आणि बघायलाही मजा येते.

तरीही 'हाच जिवाणू हा रोग करतो' हे सिद्ध व्हायचं राहतंच. त्यासाठी शुद्ध वाढवलेला जिवाणू निरोगी डाळिंबाच्या रोपावर फवारून वर प्लास्टिक झाकतात, दमट ठेवतात आणि तसेच डाग येतात का याची वाट बघतात. डाग आले की त्यातून तोच जिवाणू परत काढून दाखवायचा. ही कॉख यांनी घालून दिलेली कसोटी आहे. ती संशोधनासाठी, नवा रोग सापडला तर, किंवा वाद असेल तर करतात. तुमच्या बागेच्या निर्णयासाठी तिची गरज नाही. ज्यांना प्रजातीपर्यंत पक्की ओळख हवी त्यांच्यासाठी आता पीसीआर आहे. जिवाणूच्या डीएनएमधला ठरावीक तुकडा यंत्रात लाखो पटींनी वाढवायचा आणि जेलवर त्याची पट्टी दिसते का ते बघायचं. तेल्यासाठी जायरेज-बी जनुकातला 491 बेस जोड्यांचा तुकडा वापरतात. नमुना हाती आल्यावर हे काम एक-दोन दिवसांत होतं. सोलापूरला आयसीएआरचं (भारतीय कृषी संशोधन परिषदेचं) राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तुमच्यापासून लांब नाही, आधी फोन करून नमुना कसा आणि कोणत्या दिवशी आणायचा ते विचारा.

प्रश्न (आटपाडी आणि मालेगाव, दोघांचा प्रश्न जवळपास सारखा): अहवालात 'जिवाणू आढळला नाही' असं आलं, पण बागेत डाग वाढतच आहेत. प्रयोगशाळा चुकली का?

चुकली असेलही. पण आधी नमुना कसा दिला ते मला कळवा. आटपाडीच्या बागायतदारांनी नमुना काढायच्या दोन दिवस आधी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं औषध आणि स्ट्रेप्टोसायक्लीन हे प्रतिजैविक मारलं होतं. अशा पानावरचा जिवाणू प्लेटवर नीट वाढत नाही, पण झाडाच्या आत तो असतोच. मालेगावचा नमुना प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून एसटीने आला. पिशवीत घाम सुटला, पानं कुजली, आणि प्लेटवर कुजवणारे जिवाणूच भरभरून आले. आमच्याकडे येणाऱ्या पाकिटांत हे दोन प्रकार सगळ्यात जास्त दिसतात.

अहवाल हा नमुन्याचा असतो, बागेचा नसतो. प्रयोगशाळा समोर आलेल्या आठ पानांबद्दल बोलते. ती आठ पानं कुठली, कधीची आणि कशी आणलेली, हे तुमच्या हातात आहे. म्हणून फवारणीच्या आधी नमुना घ्या, आणि फवारणी झालीच असेल तर औषधाचं नाव आणि तारीख चिठ्ठीवर लिहा. लपवू नका, त्यावरून कोणती चाचणी करायची ते ठरतं. डाग नवे, ओलसर, वाढत असलेले निवडा. वाळून काळी झालेली फळं आणू नका, त्यातून मूळ जिवाणू मिळणं अवघड असतं आणि वर बुरशी चढलेली असते. सकाळी दव सुकल्यावर काढा, पानं धुऊ नका, वर्तमानपत्रात सैल गुंडाळून कागदी पाकिटात घाला. प्रत्येक झाडाचं पाकीट वेगळं. एका झाडाची कात्री दुसऱ्याला लावण्याआधी हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा, नाहीतर नमुना गोळा करतानाच रोग वाटत फिराल. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोचवा. गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका, आणि बर्फाला थेट टेकवूही नका. चिठ्ठीवर गट नंबर, वाण, झाडाचं वय, छाटणीची तारीख, पाणी ठिबकने की पाटाने, आणि डाग पहिल्यांदा कधी दिसला ते हवं.

आणखी एक गोष्ट. 'आढळला नाही' याचा अर्थ 'नाही' असा होत नाही. डाग वाढत असतील तर डोळ्यांवर विश्वास ठेवा आणि नवा नमुना द्या. उलट बाजूही आहे. पीसीआर मेलेल्या जिवाणूचा डीएनएही पकडतो. त्यामुळे चांगली फवारणी झाल्यावर पीसीआर होकारार्थी आला म्हणून लगेच दुसरी फवारणी करायची गरज नसते.

प्रश्न (नारायणगाव, टोमॅटो): झाडं हिरवीगार असतानाच दुपारी माना टाकतात, दोन-चार दिवसांत मरतात. बुरशीची मर म्हणून तीन आळवण्या केल्या (मुळाशी औषधाचं द्रावण ओतलं), फरक नाही.

ही चाचणी तुम्ही घरी करू शकता, प्रयोगशाळा लागत नाही. नुकतीच मान टाकलेली दोन-तीन झाडं उपटा. बुंध्याजवळचा बोटभर लांबीचा खोडाचा तुकडा धारदार चाकूने कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या, तुकडा काडीला बांधून खालचं टोक पाण्यात बुडेल असा टांगा आणि ग्लास हलवू नका. काही मिनिटांत कापलेल्या तोंडातून पांढरट दुधाळ धागे सरळ खाली उतरायला लागले, तर मर जिवाणूची, राल्स्टोनियाची आहे. पाणी स्वच्छच राहिलं आणि खोडाच्या आत तपकिरी रेघा असतील तर संशय फ्युजेरियमवर, म्हणजे बुरशीवर जातो. ग्लासमागे काळा कागद धरला तर धागे चांगले दिसतात.

धागे दिसले तर त्या प्लॉटला बुरशीनाशकाची आळवणी म्हणजे पैसे मातीत घालणं. जिवाणू जमिनीत राहतो आणि पाण्याबरोबर सरकतो. मेलेली झाडं मुळांसकट काढा, ती जागा पाटाच्या पाण्यातून वगळा आणि पुढच्या हंगामात तिथे वांगी, मिरची, बटाटा घेऊ नका, ही सगळी त्याच्या आवडीची आहेत. प्रयोगशाळेतून खात्री करायची असेल तर टेट्राझोलियम घातलेलं माध्यम मागा. त्यावर राल्स्टोनियाच्या वसाहती पांढऱ्या, पातळ, वेड्यावाकड्या कडेच्या आणि मधोमध गुलाबी दिसतात.

कोरेगावच्या आले उत्पादकांनीही हेच विचारलंय. कंद कुजला तर आधी तो कापून दाबून बघा. दुधाळ स्राव आला तर जिवाणू. तसं असेल तर त्या प्लॉटचं बेणं ठेवू नका.

प्रश्न (काटोल, संत्रा): ग्रीनिंगसाठी नमुना दिला. प्लेटवर जिवाणू वाढवून का दाखवत नाहीत, थेट पीसीआरचेच पैसे का मागतात?

कारण तो प्लेटवर वाढतच नाही. ग्रीनिंगचा जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो, नेहमीच्या कोणत्याही माध्यमावर त्याची शुद्ध वाढ मिळत नाही. त्याला पकडायचा खात्रीचा मार्ग पीसीआरच. पानाचा देठ आणि मधली शीर महत्त्वाची, म्हणून पान देठासकट द्या आणि झाडाच्या चारही बाजूंनी घ्या, कारण जिवाणू झाडात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. एका बाजूची पानं निरंक येऊ शकतात.

पैसे भरण्याआधी एक बघा. जस्ताच्या कमतरतेत पानाचा पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. ग्रीनिंगमध्ये तो एकीकडे जास्त, एकीकडे कमी, ठिगळं लावल्यासारखा येतो. पान मधोमध दुमडून दोन्ही अर्धे जुळवून बघा. जुळले तर आधी जस्ताची फवारणी करून वाट बघा. नाही जुळले तर नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेशी संपर्क करा.

प्रश्न (इंदापूर, डाळिंब): एका खासगी प्रयोगशाळेचा अहवाल सोबत जोडला आहे. त्यात 'एकूण जिवाणू संख्या जास्त' एवढंच लिहून खाली चार औषधांची नावं आहेत. फवारू का?

नका. निरोगी पानावरही असंख्य जिवाणू असतात आणि त्यातले बहुतेक काही बिघडवत नाहीत. एकूण संख्या ही पिण्याच्या पाण्याला किंवा दुधाला उपयोगी, पानाच्या रोगाला नाही. अहवालात तीन गोष्टी असायला हव्यात: जिवाणूचं नाव, कोणत्या चाचणीने ठरवलं, आणि पीसीआर असेल तर जेलच्या फोटोत खात्रीचा रोगट नमुना आणि कोरं पाणी यांच्या पट्ट्या शेजारी. कोऱ्या पाण्यालाही पट्टी आली असेल तर अख्खी चाचणी बाद. आणि अहवालाखाली औषधाचं नाव छापणाऱ्याचं दुकान कुठे आहे, तेही बघून घ्या.

प्रश्न (अनेक जण): अहवाल येईपर्यंत स्ट्रेप्टोसायक्लीन मारून ठेवू का?

'मारून ठेवणं' हीच सवय मोडायची आहे. ते स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लीनचं मिश्रण आहे, बुरशीवर त्याचा उपयोग नाही, आणि वारंवार मारलं की त्याला न जुमानणारे जिवाणूच बागेत उरतात. ही माणसांचीही औषधं आहेत. केंद्राने डिसेंबर 2021 मध्ये त्यांचा शेतीतला वापर बंद करण्यासाठी आदेशाचा मसुदा काढला, तो याच कारणाने. अहवालाची वाट बघत असताना करण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे. डाग पडलेली फळं आणि पानं वेचून बागेबाहेर जाळा, ओल्या झाडात छाटणी किंवा विरळणी करू नका, मजुरांच्या कात्र्या झाडागणिक बुडवायला लावा.

प्रश्न (करमाळा): नवी लागवड करायची आहे. रोप दिसायला स्वच्छ आहे, तपासून घ्यावं का?

घ्यावं. तेल्याचा जिवाणू डाग न दाखवता रोपात राहू शकतो आणि पहिल्या पावसात वर येतो. प्रत्येक रोप तपासणं परवडत नाही, म्हणून गुटी कलमं ज्या मातृवृक्षांवर बांधली त्यांचा पीसीआर अहवाल रोपवाटिकेकडे मागा. तो चालू हंगामातला असावा, त्यावर झाडांचे क्रमांक असावेत आणि तुमच्या लॉटवर तेच क्रमांक असावेत. नुसतं 'रोगमुक्त' छापलेलं पत्रक दाखवलं तर दुसरी रोपवाटिका बघा. अहवाल चांगला असला तरी लॉटमधली दहा-वीस रोपं निवडून त्यांच्या कोवळ्या फांद्यांचे तुकडे एकत्र करून तुमच्या बाजूने एक चाचणी करून घ्या, आणि तिचा निकाल येईपर्यंत बाकीचे पैसे देऊ नका.