लाहोरहून लग्नाचा जोडा, म्हणजे नवरीचा पोशाख, शिवून घेतेयस? आधी कॅलेंडर काढ

अगं, डिझाइन राहू दे, आधी तारीख बघ. डिसेंबरात निकाह म्हणजे ऑर्डर जूनमध्येच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडे लग्नांचा हंगाम, चांगले कारागीर तेव्हा अड्ड्यावरून (भरतकामाच्या लाकडी चौकटीवरून) मान वर करत नाहीत. जरदोजी, दबका, नक्षी ही सगळी धातूच्या तारांच्या भरतकामाची, हाताची कामं. घाई केलीस की भरणं विरळ होतं. रमजानात कामाचा वेग मंदावतो, ईदला कारागीर गावी जातात. आणि रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे मैत्रिणीचं जुनं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नकोस.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- अनवाणी मापं देणं. गरारा (गुडघ्याखाली घेरदार होणारी विजार) असो वा लेहंगा, लग्नात घालायच्या टाचांवर उभी राहूनच उंची मोज. माझा वलीम्याचा (निकाहनंतर नवऱ्याकडच्यांनी दिलेल्या मेजवानीचा) लेहंगा चांगला चार बोटं वर राहिला होता!
- शिवणीत माया (आतलं जादा कापड) न मागणं. दोन इंच तरी सोडायला सांग.
- मोबाइलवर रंग ठरवणं. कापडाचा तुकडा मागव, उन्हात बघ.

दुकानदाराला कपडे हातात द्यायची तारीख लग्नाच्या महिनाभर आधीची दे. दुपट्ट्याचं वजन वगैरे नंतर बोलू.