सिंदखेडराजाला जाण्याआधी

प्रिय चिऊ,

परवा आजीने पाठवलेले सिंदखेडराजाच्या राजवाड्याचे फोटो बघताना तू विचारलंस, "आई, इथे सिंहासन नाही, छप्पर नाही, देवसुद्धा नाही. मग आजी उंबऱ्याच्या पाया का पडते? आणि मलाही पडावं लागेल का?" पहिल्याचं उत्तर मी लगेच दिलं, जिजाऊंचा जन्म तिथे झाला म्हणून. त्यावर तू म्हणालीस, इथे म्युनिकमध्ये निम्फेनबुर्गच्या राजवाड्यात आपण बव्हेरियाच्या लुडविग राजाची जन्माची खोली बघितली, तिथे तर कोणीच वाकलं नाही. खरं आहे. १८४५ साली तो ज्या खोलीत जन्मला ती आपण लांबूनच बघितली, पाटी वाचली आणि पुढच्या दालनात गेलो. तेव्हा मलाही त्यात काही कमी वाटलं नव्हतं.

पण तुझं ते "पडावं लागेल का" मला दोन दिवस सोडत नाहीये. म्हणून लिहायला बसले. मला बोलता बोलता रडू येतं आणि मग तू बिचारी गप्प होतेस, म्हणून कागदावरच बरं.

आपल्या गावाहून, म्हणजे मेहकरच्या बाजूने, सिंदखेडराजाला जायचं तर माझ्या लहानपणी एसटीशिवाय काही नव्हतं. कापसाचे पैसे हातात आले की माझी आजी, जिला आम्ही सगळे मोठी आई म्हणायचो, मला घेऊन निघायची. १२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीला, तिथे फार गर्दी होते, म्हणून ती मुद्दाम दुसराच दिवस धरायची. पिशवीत ज्वारीच्या भाकरी, ठेचा, वावरातल्या तुरीच्या उकडलेल्या शेंगा. आणि वेगळ्या फडक्यात बांधलेले तांदूळ, नारळ आणि एक खण. मला वाटायचं वाटेत कुठल्या तरी देवीची ओटी भरायची असेल. पण ती ओटी राजवाड्यासाठी असायची. रस्त्याला लागूनच तो मोठा दगडी दरवाजा आहे. तिथे ती चपला काढायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि उंबऱ्याजवळ खण-नारळ ठेवायची.

एकदा तिथल्या राखणदाराने तिला सांगितलं, "आजी, इथं देव नाही. देऊळ तिकडं आहे, नीलकंठेश्वराचं." चांगल्या मनाने सांगितलं त्याने. मोठी आई म्हणाली, "ठाऊक हाय बाबा. देवाले मी मंग जातो. हे लेकीचं घर हाय." आणि मग माझ्याकडे वळून, "बाप-भाऊ गेले का माहेर सुनं होते, पोरी. सुन्या माहेराले कोनं ना कोनं जावं लागते."

तिला शाळा फारशी मिळाली नव्हती, पण ही गोष्ट तिला पक्की माहीत होती. लखुजीराजे जाधव आणि म्हाळसाबाईंची ही लेक. १५९८ साली इथे जन्मली, भोसल्यांच्या घरी दिली. पुढे १६२९मध्ये निजामशहाच्या दरबारात, दौलताबादला, लखुजीराजांना दगा झाला. त्यांच्याबरोबर अचलोजी आणि रघोजी हे दोन मुलगे आणि नातू यशवंतराव, सगळे एकाच वेळी मारले गेले. म्हणजे जिजाऊंचे वडील, दोन भाऊ आणि भाचा. त्या वेळी शिवराय त्यांच्या पोटात होते. १९ फेब्रुवारी १६३०ला शिवनेरीवर त्यांचा जन्म झाला. शाळेत आम्हाला शिवनेरी, रायगड, तलवार, घोडा हे सगळं शिकवलं, आणि ते मला आवडायचंही. पण पोटात बाळ असताना आपल्या माहेरची चार माणसं गेल्याची बातमी त्या बाईला कशी कळली असेल, कोणी सांगितली असेल, हा विचार मला कुठल्या पुस्तकाने नाही, मोठ्या आईने दिला. तिचे स्वतःचे वडील लवकर गेले होते आणि भाऊ नव्हता. हे मला खूप उशिरा कळलं.

आता मी तुला हे सांगते आहे खरी, पण तेव्हा मला काही सुचत नव्हतं. मला मोती तलावाकडे पळायचं असायचं. मोठी आई मानेवर हात ठेवून मला वाकवायची, कपाळाला थंडगार दगड लागायचा आणि मला राग यायचा. मुलींना आपल्याकडे वाकायला फार लवकर शिकवतात, ताठ उभं राहायला तितकं शिकवत नाहीत. आणि तेही जिजाऊंच्या दारात! हे मला आजही खटकतं. तुझ्या मानेवर कोणाचाही हात पडणार नाही, ही माझी जबाबदारी. आजीलाही मी तसं सांगितलं आहे. ती थोडा वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "बरं, तिच्या मनावर सोड."

तरीही मोठ्या आईच्या बाजूने मला बोलावंसं वाटतं. तू आबाजींना वावरात जाताना बघितलं आहेस. धुऱ्यावर चप्पल काढून ते आधी मातीला हात लावतात, तो कपाळाला नेतात आणि मगच आत पाय टाकतात. पेरणीआधी तिफणीला कुंकू लागतं. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या पाया पडतात, आणि त्या बैलाला कोणी राजा समजत नाही. ज्याच्या जिवावर आपलं चालतं त्याच्यापुढे वाकायचं, एवढीच तिथली समज. मी तीच घेऊन मोठी झाले. इथे म्युनिकमध्ये इतकी वर्षं राहून माझी ती सवय गेली असेल असं वाटलं होतं, पण निम्फेनबुर्गच्या त्या खोलीच्या दारात मी क्षणभर चपलेकडे बघितलं होतं. तुझ्या लक्षात आलं नाही, बाबाच्या आलं.

राजवाडा म्हणून तुला तिथे काय दिसेल ते आधीच सांगते, म्हणजे हिरमोड व्हायला नको. झुंबरं, आरसे, पलंग काही नाही. भक्कम दगडी दरवाजा, भिंती, चौथरे आणि वर आभाळ. पण गावभर त्या जाधवांच्या खुणा आहेत. रंगमहाल आहे. रंगपंचमीला तिथेच लहानग्या जिजाऊ आणि शहाजीराजांच्या सोयरिकीची गोष्ट निघाली असं सांगतात. पुतळा बारव आहे, तिच्या दगडांवर मूर्ती कोरलेल्या आहेत. पायऱ्या उतरून खाली जाता येतं, ती तुला नक्की आवडेल. मोती तलाव आहे, त्याचा बांध बघताना आबाजींना प्रश्न विचार. चारशे वर्षांपूर्वी पाणी कसं अडवलं, कसं सोडलं, यावर ते तासभर बोलतील. आमच्या भागात पाण्याचं मोल काय आहे ते त्यांच्याकडून ऐक, माझ्याकडून नको. आणि लखुजीराजांची समाधी. २०२४ साली त्या परिसरात पुरातत्त्व खात्याच्या कामात शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती मातीखालून निघाली. आजीने तेव्हा रात्री फोन करून उठवलं होतं आपल्याला, आठवतं?

आपल्याला १२ जानेवारी साधणार नाही. तुझी नाताळची सुट्टी ६ तारखेला संपते. मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्या दिवशी बायका नऊवारी नेसून, डोक्याला फेटे बांधून गावागावांतून येतात आणि तेव्हा कोणी नुसतं वाकत नाही, ताठ मानेने चालत येतात. ते तू एकदा बघावंस. मोठी झालीस की बघ, तुला वाटलं तर.

आपण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ. मुंबईहून समृद्धी महामार्गाने निघालो की सिंदखेडराजालाच उतरता येतं. पूर्ण ७०१ किलोमीटरचा तो रस्ता नागपूरपर्यंत जातो, आपल्याला त्याच्या निम्म्याच्या आसपास जायचं. आम्ही जालन्याच्या स्टॅंडवर पुढच्या एसटीची वाट बघत किती वेळ घालवायचो ते तुला सांगूनही पटणार नाही. सकाळी हुडहुडी भरेल, दुपारी ऊन लागेल, तेव्हा स्वेटर आणि टोपी दोन्ही घे.

दरवाज्यापाशी मी चपला काढीन आणि वाकेन. मोठी आई आता नाही, तेव्हा खण-नारळ आजी घेऊन येईल. तू बाबाबरोबर आत जा, भिंती बघ, फोटो काढ, हवं तर आमच्याजवळ उभी राहा. तू उभी राहिलीस तर मला आवडेल हे लपवत नाही. नाही राहिलीस तरी बारवेत मी तुझ्याबरोबरच उतरणार आहे.

एक मात्र तुलाच ठरवायचं आहे. त्याच दिवशी उल्का पडून झालेलं लोणारचं सरोवर बघायचं, की ते दुसऱ्या दिवशी ठेवून संध्याकाळी वावरात हुरडा खायचा? दोन्ही एका दिवसात घाईचं होईल. आबाजी ज्वारी राखून ठेवायची का म्हणून विचारत आहेत, रविवारच्या फोनवर त्यांना सांग.

तुझी,
आई