दुखलं तरच मसाज लागू पडतो, असं कुणी सांगितलं?

गेल्या अंकात कंबरदुखीवर लिहिलं आणि मग पत्रं आली ती बहुतेक सगळी मसाजचीच. तीस वर्षं फिजिओथेरपीत काढली तरी एका गोष्टीचं मला अजून नवल वाटतं, ती म्हणजे लोकांना मसाजमध्ये मार खायचा असतो! "मॅडम जरा जोरात, काहीच जाणवत नाहीये." असो. पहिल्या पत्राला मी त्याच दिवशी मेलवर उत्तर दिलं होतं, पण इतरांनाही कळावं म्हणून मुद्दाम तेच आधी घेतेय.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे आहेत. तीन आठवड्यांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्याच पायाची पोटरी चार दिवसांपासून सुजलीये, हात लावला तर गरम लागते आणि दुखते. मी रोज रात्री तेल लावून चांगली रगडून देते पण सूज उतरत नाही. कुठलं तेल वापरू?

ताई, तेल बाजूला ठेवा आणि पोटरीला आता अजिबात हात लावू नका. ऑपरेशननंतर किंवा बरेच दिवस अंथरुणात पडून राहिल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखायला लागली तर आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते. असेलच असं नाही, ऑपरेशनची साधी सूजही असू शकते, पण बाहेरून बघून ते कुणालाच ठरवता येत नाही, मलासुद्धा नाही. त्यासाठी पायाची डॉपलर सोनोग्राफी करतात, त्यात शिरेतून रक्त कसं वाहतंय ते दिसतं. गुठळी असताना पाय रगडला तर ती सुटून रक्तातून फुफ्फुसात जाऊन अडकू शकते, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून आजच्या आज डॉक्टरांना दाखवा. मध्येच दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त पडलं तर सरळ इमर्जन्सीत न्या, सकाळची वाट बघत बसू नका.

याच ओघात बाकीच्यांसाठीही सांगते. ताप असताना, कातडीवर पुरळ, जखम किंवा भाजलेलं असेल तिथे, हाड मोडल्याचा संशय असेल तर मसाज नाही. ताजा मुका मार असेल तर तोही पहिले दोन-तीन दिवस चोळायचा नाही, आत रक्त साकळलेलं असताना जोरात रगडलं तर इजा वाढते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर मसाज करणाऱ्याला आधी सांगा, हलक्या हाताने चालतं, पण जोर लावला की काळं-निळं पडतं. कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असेल तर डॉक्टरांना विचारून आणि ते काम शिकलेल्या माणसाकडूनच. गरोदरपणातही तसंच, आणि कुशीवर झोपवून.

प्रश्न : दिवसभर कॉम्प्युटरवर काम, त्यामुळे मान-खांदे दगड झालेत. मागच्या आठवड्यात डीप टिश्यू (खोलवर दाब देणारा) मसाज घेतला तर करताना डोळ्यांत पाणी आलं आणि पुढचे दोन दिवस मान वळेना. ते म्हणाले दुखतंय म्हणजे गाठी फुटतायत, अजून चार सिटिंग लागतील. जाऊ का?

त्यांच्याकडे नका जाऊ. मसाज सोडू नका, माणूस बदला.

आधी त्या गाठींचं बघू. हाताला जी गाठ लागते ती म्हणजे आत काही दगड-खडा नसतो की जो फोडायचाय. स्नायूचा तेवढा पट्टा ताणलेला आणि दुखरा झालेला असतो, त्यामुळे तो टणक लागतो. मसाजने तो सैल पडतो याचं मोठं कारण तुमच्या मज्जासंस्थेत असतं, म्हणजे मेंदूला वाटलं की इथे धोका नाहीये, की तो स्नायूवरची पकड सोडतो. आता मला सांगा, कोपराने दाबून रडवलं तर मेंदूला धोका नाही असं वाटेल का? उलट तुम्ही श्वास रोखता, मुठी आवळता, अख्खं अंग आखडतं. दहा रुपये काढायला जाऊन वीस रुपये भरून यायचं, असला हिशोब झाला.

आणि हे नुसतं माझं मत नाही बरं का. २०११ साली अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या ४०१ लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना आठवड्याला एक असे १० साधे अंग सैल करणारे मसाज दिले, काहींना नेमक्या दुखऱ्या स्नायूंवर काम करणारे दिले आणि बाकीच्यांचे नेहमीचे उपचार चालू ठेवले. मसाजवाले दोन्ही गट नेहमीच्या उपचारांपेक्षा बरे निघाले, पण त्या दोघांमध्ये म्हणावा असा फरकच दिसला नाही! फायदा साधारण सहा महिन्यांपर्यंत थोडाफार टिकला आणि वर्षाअखेर जवळपास विरला. म्हणजे हलका मसाजही तेवढाच उपयोगी, आणि दोन्ही कायमचे पुरत नाहीत.

माझा नियम सोपा आहे, दुखण्याला दहापैकी मार्क द्या. पाच-सहापर्यंत "हां, तिथेच, बरं वाटतंय" असं गोड दुखणं असतं. त्याच्या वर गेलं, श्वास अडकला किंवा हातात मुंग्या आल्या की लगेच सांगायचं. लोक संकोचतात, त्यांना काय वाटेल म्हणून दात-ओठ खात पडून राहतात. अहो, अंग तुमचं आहे! दुसऱ्या दिवशी अंग थोडं हुळहुळं वाटणं ठीक, पण दोन दिवस मान वळत नाही हे जास्त झालं.

मान दगड होण्याचं मूळ मात्र खुर्चीत आहे. अर्ध्या-पाऊण तासाने उठून खांदे फिरवलेत तर सिटिंगवर सिटिंग घ्यावी लागणार नाहीत. घरी टेनिसचा बॉल भिंत आणि पाठीच्या मध्ये धरून दुखऱ्या जागेवर हळूहळू फिरवा, मिनिट-दीड मिनिट पुरे. मणक्याच्या हाडावर नको, गळ्याच्या पुढच्या बाजूला तर नकोच नको, तिथे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात.

प्रश्न : स्वीडिश, थाई, शियात्सु... मेनूकार्ड बघून डोकं फिरतं. नेमका फरक काय?

हात तोच, वापरायची पद्धत वेगळी. स्वीडिश हा सगळ्यात कॉमन. त्यात तेल लावून लांब हात फिरवणं, कणीक तिंबल्यासारखं स्नायू उचलून मळणं, एका जागी बोटांनी घासणं, हाताच्या कडेने थापट्या मारणं आणि थरथर देणं असे पाच प्रकार असतात. गंमत म्हणजे त्याचं श्रेय वर्षानुवर्षं स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांना देतात, पण ते व्यायामवाले, या प्रकारांची पद्धतशीर मांडणी केली ती हॉलंडच्या योहान गेओर्ग मेझगर या डॉक्टरांनी. म्हणजे स्वीडिश मसाज खरं तर डचच म्हणायला हवा.

डीप टिश्यूमध्ये पेरं, कोपर, पुढचा हात वापरून सावकाश खोलवर दाब देतात. यात "सावकाश" हा शब्द महत्त्वाचा आणि नेमका तोच बरेच जण विसरतात. शियात्सु जपानचा, शब्दाचा अर्थच बोटांचा दाब, कपड्यांवरूनच करतात, तेल नाही. थाईमध्ये खाली गादीवर झोपवून दाबतात आणि हातपाय ओढून-वळवून ताण देतात, नुवाद थाई या नावाने तो २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. ज्यांची हाडं ठिसूळ आहेत किंवा सांधा बदललाय त्यांनी ही ओढाताण टाळा. आणि सगळ्यात हलका तो लिम्फ ड्रेनेज, म्हणजे अंगात साठलेल्या लिम्फ नावाच्या द्रवाला वाट करून देणं, त्यात फक्त कातडी हळुवार ताणतात. ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हाताला सूज येते त्यात दाबपट्टी आणि व्यायामाच्या जोडीने तो वापरतात. काहीच ठरत नसेल तर स्वीडिशपासून सुरू करा.

प्रश्न : लांब पल्ला पळून आलो की दुसऱ्या दिवशी पाय आंबतात. मसाजने लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं ना?

नाही जात, कारण जोरात पळताना स्नायूंत तयार होणारं हे अ‍ॅसिड तेव्हा तिथे नसतंच. पळणं थांबल्यावर साधारण तासाभरात शरीर स्वतःच ते वापरून टाकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं आंबणं हे स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं असतं.

पण मसाजचा उपयोग होतो. २०१२ साली कॅनडात ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली, मग एकाच पायाला १० मिनिटं मसाज दिला आणि दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले (बिचारे!). मसाजवाल्या मांडीत दाह वाढवणारे संकेत कमी सापडले, लॅक्टिक अ‍ॅसिडमध्ये मात्र काही फरक नाही. लोक ११च होते, त्यामुळे फार डोक्यावर घेऊ नका. पळून आल्यावर त्याच दिवशी दहा-पंधरा मिनिटं हलका हात फिरवा. शर्यतीच्या आदल्या दिवशी कुणाकडून जोरदार रगडून घ्यायचा प्रयोग मात्र करू नका.

प्रश्न : मसाजने वजन कमी होतं का? आणि नंतर भरपूर पाणी प्यायलं की टॉक्सिन बाहेर पडतात का?

नाही. आणि नाही. ते काम लिव्हर आणि किडनीचं. पाणी तहान लागली तर प्या.

प्रश्न : बायकोला सध्या नीट झोप लागत नाही, फार टेन्शनमध्ये असते. मी घरीच पाठ चोळून दिली तर चालेल का? मला काहीच येत नाही.

दादा, यातलं शिक्षण फारसं लागत नाही. कातडीत हळुवार स्पर्श टिपणाऱ्या खास नसा असतात आणि त्या सेकंदाला साधारण ३ सेंटिमीटर अशा संथ वेगाला सगळ्यात जास्त दाद देतात, म्हणजे मानेपासून कंबरेपर्यंत हात जायला पंधरा सेकंद तरी लागायला हवेत. सुरुवातीला तुम्हाला फार हळू वाटेल, तरी घाई करू नका. तेल तळहातावर घेऊन कोमट करा, कण्याच्या हाडावर न दाबता दोन्ही बाजूंनी अख्खा तळहात टेकवून फिरवा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. वीस मिनिटं पुष्कळ झाली. याने नाडी संथ होते, अंग सैल पडतं आणि त्या रात्रीपुरती झोप बरी लागू शकते, पण झोपमोड महिनाभर चालूच राहिली तर डॉक्टरांना दाखवा, त्याला मसाज पुरणार नाही. दाब किती हवा ते तिलाच विचारा, दर दोन मिनिटांनी नको, एकदाच. आणि हो, आधी नखं कापा.